राखीव जोडी

बुटकीसमोर कोणी "दुहेरी म्हणजे काय, अर्धंच टेनिस" असं म्हणून तर बघा. अशी फैलावर घेईल की तो माणूस पुन्हा टेनिसचं नाव काढणार नाही. चौतीस वर्षांची झाली, पण राग काही निवला नाही, आणि का निवावा? बारा वर्षांची असताना कोचने तिला भिंतीला उभं करून पट्टीने मोजलं आणि तिच्यादेखत तिच्या आईला सांगितलं, "ही काही वाढायची नाही. एकेरीचं विसरा. नेटपाशी उभी करू, तिथे चालून जाईल." चालून जाईल म्हणे! जशी काही पाय मोडलेली खुर्ची. "बुटकी" हे नावही त्याच माणसाने ठेवलं, आणि मेलं ते चिकटलं ते चिकटलंच.

नेटपाशी मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. समोरचीचा खांदा वळला की चेंडू कुठे येणार हे हिला कळायचं, आणि बया तिथे आधीच हजर. सर्व्हिस तेवढी अगदी लेचीपेची. म्हणून जोडीला जिराफ मिळाली तेव्हा सगळे म्हणाले, आता जमलं. जिराफ सहा फुटांची. तिची सर्व्हिस समोरचीने रॅकेट हलवायच्या आत मागच्या पडद्यावर जाऊन आपटायची. अकरा वर्षं दोघी एकत्र खेळल्या. परक्या गावी एकच खोली, एकच साबण, एकीला ताप आला तर दुसरी उशाशी. जिराफचा घटस्फोट झाला तेव्हा महिनाभर तिला दोन वेळा बळेबळे जेवायला घातलं ते बुटकीने.

कामंही वाटून घेतलेली. स्पर्धेच्या ऑफिसात जाऊन नावं द्यायची ती जिराफने, कारण त्या वेळी बुटकी फिजिओच्या टेबलावर गुडघा शेकत नाहीतर गोठवत पडलेली असायची. दुहेरीत नावं जोडीने द्यायची असतात. दोघींच्या रँकिंगची बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज कमी त्या जोड्या आत घेतात. अकरा वर्षांत बुटकीने एकदाही "नाव दिलंस ना गं?" म्हणून विचारलं नाही. एवढा आंधळा भरवसा लोक नवऱ्यावरसुद्धा ठेवत नाहीत.

आणि ही वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा. डॉक्टरने गुडघ्याला हे शेवटचं वर्ष सांगितलेलं. दोघी या वर्षी खेळतही अशा होत्या की भल्याभल्या जोड्या त्यांना टरकून होत्या. बुटकीला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, ही स्पर्धा जिंकायची होती.

सोमवारी मुदत संपायला वीस मिनिटं असताना ऑफिसातली बाई फिजिओच्या खोलीत आली.

"तू खेळत नाहीयेस का गं? यादीत तुझं नाव नाही."

"नीट बघा की. जिराफने दिलंय."

"जिराफने तिचं दिलंय. पोस्टरवालीबरोबर."

पोस्टरवाली म्हणजे बावीस वर्षांची एकेरीतली राणी. मैदानाच्या प्रत्येक भिंतीवर हिचा फोटो. बुटकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघ्याला बर्फाची पिशवी तशीच बांधलेली, पाय अनवाणी, अशी ती कपडे बदलायच्या खोलीत धावली. जिराफ तिथे कशाला सापडतेय! होती फक्त एक एकोणीस वर्षांची पोरगी, सकाळीच एकेरीत हरलेली, बॅगेवर डोकं टेकून हमसाहमशी रडत बसलेली.

"दुहेरीत कोण आहे तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही, ताई."

"आता मी आहे. डोळे पूस आणि चल."

या रडकीचं रँकिंग यथातथाच. बेरीज एवढी फुगली की ऑफिसातली बाईही हळहळली. जोडी लागली ती राखीव यादीत, पहिल्या नंबरावर. राखीव जोडीने काय करायचं, तर रोज सकाळी दहाच्या आत नव्याने सही करायची, हवं तर तेव्हा जोडीदारही बदलायचा, आणि मग बूट घालून ऑफिसबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवसभर बसायचं, कोणाचं काहीतरी दुखावं म्हणून वाट बघत. दोन दिवस बुटकी आणि रडकी अशा बसल्या. जिराफ चारदा समोरून गेली, चारही वेळा मोबाईलमध्ये डोकं खुपसून.

बुधवारी पोस्टरवाली एकेरीत जिंकली. आता एकेरीत जिंकणाऱ्या पोरींच्या पोटऱ्या दुहेरीच्या वेळेला कशा बरोबर दुखतात, हे मैदान झाडणाऱ्या बाईलाही पाठ आहे. गुरुवारी सकाळी पोस्टरवालीची पोटरी दुखली. तिने माघार घेतली, त्या जोडीची जागा मोकळी झाली आणि साडेनऊला जिराफ खुर्च्यांपाशी आली.

"हे बघ, झालं ते झालं. दहा वाजायला वेळ आहे. आपण दोघी सही करू. आपली बेरीज सगळ्यात कमी, थेट आत जाऊ. हिला मी समजावते."

"तू समजावणार? आणि सोमवारी माझ्याकडे यायला काय पाय मोडले होते?"

"अगं, धंदा आहे हा. एवढं काय मनाला लावून घेतेस? पोस्टरवालीने विचारलं, मी हो म्हटलं. माझ्या जागी तू असतीस तर हेच केलं असतंस."

बुटकी ताडकन उठली. "मी? अकरा वर्षं तुझ्याकडे पाठ करून उभी राहिले मी. तुझी सर्व्हिस माझ्या कानाजवळून जायची. एकदा तरी मागे वळून बघितलं मी? तोंडावर सांगितलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या, रॅकेट फेकून मारली असती, आणि आठवड्याने परत बोलले असते. पण मी तिथे बर्फ बांधून पडलेली असताना तू गुपचूप गेलीस. लाज नाही वाटली?"

"मग मार खा पहिल्याच फेरीत. शेवटचं वर्ष तुझं आहे."

"माझं आहे ना? मग तू कशाला त्याची काळजी करतेस!"

रडकी घाबरून म्हणाली, "ताई, तुम्ही खरंच जा त्यांच्याबरोबर."

"तू गप्प बस."

बुटकीने बाजूला जाऊन थोरल्या बहिणीला फोन लावला. वडील गेल्यावर शिवणकाम करून हिच्या रॅकेटी घेतल्या त्या या बहिणीने. तिने सगळं ऐकून घेतलं. "राग गीळ," ती म्हणाली. "आधी कप जिंक, मग हव्या तेवढ्या शिव्या दे तिला." बोलणं अगदी रास्त होतं, आणि रास्त होतं म्हणूनच बुटकीच्या डोक्यात आणखी तिडीक गेली. दहाला पाच कमी असताना तिने सही केली. रडकीच्या नावाशेजारी.

दुपारी सामना झाला. बुटकीने नेटपाशी तीन चेंडू असे मारले की लोक उभे राहिले, पण तीन चेंडूंवर काय होतंय? दुसऱ्या सेटमध्ये रडकीची एक सर्व्हिस थेट बुटकीच्या पाठीत बसली. लोक फिदीफिदी हसले. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडतेस काय? परत मार. आणि जोरात मार," बुटकी म्हणाली, आणि पाठ करून पुन्हा तिथेच उभी राहिली. चोपन्न मिनिटांत त्या हरल्या. सहा-एक, सहा-दोन.

संध्याकाळी खोलीत बूटही न काढता ती खाटेवर बसली होती. बहिणीचा फोन आला.

"झालं समाधान?"

"नाही झालं. जिंकायचं होतं गं मला." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

बहिणीने तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाली, "मग जायचं होतंस ना तिच्याबरोबर."

"गेले असते तर जिंकलोही असतो," बुटकी नाक ओढत म्हणाली. "आणि कप हातात घेऊन ती म्हणाली असती, बघ, काय बिघडलं? आणि ताई, मीसुद्धा म्हणाले असते, हो गं, काहीच नाही बिघडलं. ते मला नको होतं."