देवमाशाच्या तोंडातले जंत

माझी शाळा तिसरीत सुटली ती मेंढरांमागं. समुद्र मी पाहिला न्हाय, देवमासा तर लांबच. पण जंत मला कुणी शिकवू नयेत. मेंढराची खालची पापणी उलटून बघायची. लाल असली तर बरं, पांढरी पडली तर पोटात जंत. भूमच्या बाजारात लोक जनावर घेण्याआधी मला हाक मारायचे. पुढं गुडघे गेले, मेंढरं इकली आन् कळंबला पोराच्या घरी आलो.

नात कालेजात प्राणीशास्त्र शिकती. एकदा आम्ही जेवताना ती मोठ्यानं वाचत होती. काही देवमाशांना दात नसतात. तोंडात फणीसारख्या केसाळ झालरी असतात, त्यातनं पाणी गाळून ते खातात. त्या झालरींवर बारीक जंत राहतात आन् तिथंच साचलेलं खातात.

"मग मासा वाळत असंल," मी म्हणलं.

"न्हाय आबा. त्याला त्यांचा तरास न्हाय. फायदाबी न्हाय."

"तरास देत न्हाय तो जंत कसला? पुस्तकवाल्यानं माशाची पापणी उलटून बघितली का?"

नात खो-खो हसली. सून भाकरी वाढत होती. म्हणाली, "बरंय की मामा. बसल्या जागी जेवण, कुणाची तक्रार न्हाय."

ती जंतांचंच बोलली असंल. पण पोरगाबी हसला. मी ताटातच हात धुतला. म्हणलं, "गावाकडं जातो. शेताकडं बघाय कुणी न्हाय."

खरं तर मला बघायचं होतं. मी घराला ओझं असलो तर घर हलकं व्हईल, आधार असलो तर अडंल. दोन्हीतलं एक तर दिसाया पायजे.

गावात हातानं भाकरी थापून खाल्ली. सुनेचा फोन यायचा.

"मामा, जेवलात का?"

"जेवलो."

"बरं."

या म्हणून कुणी म्हणलं न्हाय. मी इचारणारा न्हाय.

संक्रांतीच्या आधी न सांगता एसटीनं कळंबला गेलो. माझी बाज होती तिथंच होती. वाकळंची घडी मी घातली तशीच. कुणी जागा घेतली नव्हती, कुणी हातबी लावला नव्हता.

"आलात व्हय मामा? ताट करू का?" सून म्हणाली.

मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. का आलात म्हणली असती, तर आल्या पावली फिरलो असतो. तुमच्याबिगर घर खायला उठलं म्हणली असती, तर गप बसलो असतो. तिच्या तोंडाकडं बघितलं, पोराच्या बघितलं. कुठं काही कमी न्हाय, जास्त न्हाय.

नातीला इचारलं, "ते जंत तोंडातनं गळून पडले, तर माशाला कळतं का गं?"

"पुस्तकात न्हाय लिहिलं आबा. कळत नसंल."

सुनेनं ताट ठेवलं. भूक लागली होती, जेवलो. गावाकडची गाडी दुपारची होती, ती गेली.