रॅकवरचा पंप

"शेषराव! ए शेषराव! बाहेर ये! गाडी मेली माझी!"

वेळ 0740. वार रविवार. फाटकाशी सुभेदार काळमेघ, रिटायर्ड, वय सत्तर, अंगात कडक इस्त्रीचा सफारी. आवाज असा की आमच्या कांचघर मोहल्ल्यातली निम्मी कुत्री सावधानमध्ये उभी राहिली. मी अंगणात दाढी करत होतो. तोंडाचा साबण पुसला नाही, तसाच गेलो. शत्रू स्वतःच्या पायांनी आला की त्याला वाट पाहायला लावू नये.

"काय झालं, साहेब?"

"चालता चालता बंद पडली. सेल्फ मारून राहिलो, मारून राहिलो, घेतच नाही. अकराला शहपुऱ्यात पोचायचं आहे. नातीचा साखरपुडा, अन् अंगठी माझ्या खिशात. घरचे सारे कालच गेले."

"टॅक्सी करा."

"लगनाची तारीख आहे आज, एकही मोकळी नाही. तू बघ न बाप्पा!"

सिव्हिलियन वाचकांसाठी खुलासा. काळमेघ माझे शेजारी अकरा वर्षांपासून, आणि शत्रू अठ्ठावीस वर्षांपासून. मी ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होतो, नाईक. ते आमच्याच ठाण्यावर स्पेअर पार्टच्या स्टोअरचे हवालदार. जागेचं नाव सांगत नाही, उंची सांगतो: बारा हजार फूट. थंडी अशी की सकाळी मेजर साहेबांच्या मिशीतला बर्फ आम्ही प्लग साफ करायच्या ब्रशनं काढायचो. माझी बायको म्हणते यातलं अर्धं खोटं आहे. कोणतं अर्धं, ते तिला आजवर सापडलं नाही.

रूटीन ठरलेलं. 0430 उठणे. 0500 गाड्यांची फर्स्ट परेड: ऑइल, पाणी, पेट्रोल, टायर. 0600 कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा. माझी गाडी पेट्रोलवरचा वन टन ट्रक. को-ड्रायव्हर लान्स नाईक नामदेव इंगोले, वाशीमकडचा.

त्या दिवशी 0510 ला आमचा फ्युएल पंप गेला. मी जुना पंप खोलायला बसलो, इंगोले स्टोअरकडे धावला. 0535 ला परत आला. हात रिकामे.

"काय म्हणतो काळमेघ?"

"रॅकवर आहे म्हणे, पण देत नाही. इंडेंटवर सही नाही."

मागणीच्या कागदाला इंडेंट म्हणतात. त्याच्यावर साहेबाची सही लागते, आणि साहेब त्या वेळी झोपलेला असतो. मी काळमेघच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आम्ही जुगाड केला. केबिनच्या टपावर पेट्रोलचा जेरीकॅन बांधला, त्यातून रबरी नळी थेट कार्बोरेटरला. पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं, पंपाची गरज नाही. 0600 ला आम्ही कॉन्व्हॉयमध्ये होतो.

चौदाव्या किलोमीटरला दोरी सैल झाली. इंगोले बाहेर पायदानावर उभा राहिला. एक हात कॅनवर, एक हात आरशाच्या दांडीवर.

वायरलेसवर कॉन्व्हॉय कमांडरचा आवाज आला, "चार्ली टू, गैप क्यों है? ओवर."

मी म्हणालो, "कैन ढीला है. चल रहे हैं. ओवर."

"रुकना नहीं है. आउट."

मी थांबलो नाही. 0712 ला डाव्या वळणावर बर्फ होता. मागचं चाक सरकलं. गाडी रस्त्यावर राहिली. इंगोले राहिला नाही.

इथं मी एक शब्दही वाढवलेला नाही.

नंतर मी हवालदार झालो, रिटायर झालो, जबलपूरला सासुरवाडीच्या आधारानं घर बांधलं. अकरा वर्षांपूर्वी शेजारचा प्लॉट कोणी घेतला, तर काळमेघनं. देवाला न्यायच करायचा होता, दुसरं काय! मी कामाला लागलो. त्यांच्या स्कूटरच्या चाकातली हवा मी किती वेळा सोडली, ते हवा जाणे. कॉलनीच्या गणपतीत त्यांचं नाव प्रसादवाटपाच्या यादीतून दर वर्षी गळायचं, यादी मी लिहायचो. आणि चौकातल्या चहावाल्याकडे रोज संध्याकाळी मी इंगोलेची गोष्ट सांगायचो. पहिल्या वर्षी रॅकवर एक पंप होता. तिसऱ्या वर्षी बारा झाले. हल्ली हल्ली तर काळमेघ पंपांच्या ढिगावर गादी टाकून झोपत होते. ते स्वतः बाजूच्या बाकावर बसून हे सारं ऐकायचे, चहा संपवायचे, उठून जायचे. मला वाटायचं, चोर आहे, बोलणार काय?

तर असा माणूस माझ्या फाटकाशी.

गाडी ढकलत अंगणात घेतली. पंचवीस वर्षांची, कार्बोरेटरवाली. माझ्याकडेही तीच होती, गेल्या वर्षी विकली, पण तिचे सुटे भाग कपाटात राहिले. बॉनेट उघडलं. कार्बोरेटरची नळी काढली, तोंड बाटलीत धरलं, त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. थेंब नाही. खाली हात घातला, पंपाच्या बारीक भोकातून पेट्रोल झिरपत होतं. आतला पडदा फाटलेला.

"पंप गेला, साहेब."

"बाजारात भेटते का?"

"रविवार आहे. एखादं दुकान उघडलंच तर अकराला."

"तुझ्याकडे?"

हा प्रश्न मी अठ्ठावीस वर्षं झोपेत ऐकत होतो. आत गेलो, कपाटातून खोका काढला, ओसरीच्या फळीवर त्यांना दिसेल असा ठेवला.

"आहे. रॅकवर आहे. इंडेंट भरा."

त्यांनी खिशातलं पेन चाचपलं.

"तीन प्रती," मी म्हणालो. "अन् सही पाहिजे."

"कोणाची?"

"ऑफिसर कमांडिंगची. ती आत पोहे करून राहिली."

आतून आमची ऑफिसर कमांडिंग ओरडली, "अहो, लाज धरा! सत्तरीचा माणूस आहे! भाऊजी, तुम्ही बसा, चहा घ्या. यांच्याकडे लक्ष देऊ नका."

काळमेघ बसले नाहीत. माझ्या बायकोच्या हिशेबाच्या वहीतली तीन पानं मागितली, पेन स्वतःच्या खिशातून काढलं, आणि उभ्यानं तीन वेळा लिहिलं: पंप, फ्युएल, नग एक, कारण: निकामी. अक्षर छापल्यासारखं. 0825 झाले. मी पानं वाचली, तारीख राहिली म्हणून परत दिली. त्यांनी तारीख घातली. बायकोनं हातातल्या कालथ्यासकट येऊन सह्या ठोकल्या आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जागीच शहीद झाला असता.

0840 ला काम सुरू. बॅटरीची तार काढली. दोन्ही नळ्यांच्या पट्ट्या सैल केल्या, टाकीकडची नळी बोल्ट घालून बंद केली. बारा नंबरचे दोन नट. एरवी वीस मिनिटांचं काम. मी पाऊण तास लावला. काळमेघना विजेरी धरायला लावली आणि हात जरा खाली आला की म्हणायचो, "वर, साहेब, वर. माणसं बर्फात कॅन धरून उभी राहतात." ते विजेरी वर घ्यायचे. जुना पंप निघाला. जुनी पॅकिंग ब्लेडनं खरवडली. तिच्यावरच नवी लावली तर पंपाचा दांडा कॅमपर्यंत नीट पोचत नाही, आणि गाडी अर्ध्या रस्त्यात उपाशी मरते. हे लिहिताना कबूल करतो, तसंच करावं असं एकदा मनात आलं होतं. नाही केलं. मशीनशी बेइमानी नाही.

नवा पंप बसवला. एक नट कसला. दुसरा मुठीत धरला आणि सरळ उभा राहिलो. 0925.

"हा नट मी देणार नाही," मी म्हणालो. "आधी सांगा. त्या दिवशी पंप रॅकवर होता. इंगोलेला काहून नाही दिला?"

काळमेघनी विजेरी बंद केली.

"दिला होता."

"खोटं."

"दिला होता. सहीशिवाय दिला. दारात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उभा होता, गाडी तुमच्यासारखीच वन टन, पंप त्याचाही गेलेला. आत दोन जवान, पाय तुटलेले. पंप एकच होता. नामदेवनं खोका त्याच्या हातात ठेवला. मला म्हणाला, शेषरावला सांगू नका, तो ॲम्ब्युलन्समधून उपटून आणेल. सांगा, सही नव्हती."

मी नट बसवला. कसला. नळ्या लावल्या, बाण पाहून, टाकीची इकडे, कार्बोरेटरची तिकडे. बॅटरीची तार जोडली. सेल्फ मारला, नवा पंप भरायला दहाएक सेकंद लागले, मग गाडी सुरू झाली. गळती पाहिली. नव्हती.

उपटून आणला असता मी. खरंच आणला असता. त्या काळी मला कॉन्व्हॉय चुकणं म्हणजे नाक कापल्यासारखं होतं, आणि हे इंगोलेइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याची ट्रंक मीच भरून घरी पाठवली होती. सरकारी यादीप्रमाणे दोन स्वेटर, तीन जोड मोजे, एक कानटोपी कमी भरली. मी यादीत लिहिलं, चोरीस गेले. त्यानं देऊन टाकलेले ते कपडे कोणाकोणाच्या अंगावर आहेत, हे बराकीत एक फेरी मारली असती तर दिसलं असतं. लान्स नाईक नामदेव इंगोले. वय पंचवीस. हात माझ्याहून लांब, म्हणून कॅन धरायला तो उभा राहिला. थांबव म्हणून केबिनच्या दारावर त्यानं एकदाही थाप मारली नाही. गाडी मी चालवत होतो.

0940 ला काळमेघ गाडीत बसले. खिसा चाचपला, अंगठी पाहिली. मी खिडकीशी वाकलो.

"साहेब, अकरा वर्षं मी तुम्हाला चौकात उभं-आडवं सोललं. तुम्ही ऐकत बसले. हे सांगितलं काहून नाही?"

त्यांनी पहिला गिअर टाकला.

"तू विचारलं नव्हतंस."