झोका ओळखणारा फोन

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जेवढी अक्कल आहे तेवढी मला असती, तर हे काहीच घडलं नसतं.

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी, आमच्या वडीगोद्रीच्या घरी आली तेव्हा मी घरूनच काम करत होतो. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी मोबाईलचे ॲप बनवतो. आमच्या घरात या धंद्याला 'बसून असतो' म्हणतात. त्यामुळे भाची झाली, कामांची वाटणी झाली, तेव्हा पाळण्याची दोरी न मागता माझ्याकडे आली. आईनं ती माझ्या अंगठ्याला बांधली आणि म्हणाली, "हातानं तुझं चालू दे. पाय तर रिकामेच हायेत."

भाचीचा कायदा सोपा होता. झोका चालू तोवर झोप, झोका थांबला की आकांत. मी कामाच्या एखाद्या गुंत्यात शिरलो की अंगठा थांबायचा, भाची घर डोक्यावर घ्यायची, आणि नुकता कुठं डोळा लागलेली बहीण भिंतीला धरत बाहेर यायची. रात्रीचं जागरण तिच्या नशिबी होतंच, दिवसा तिला माझा अंगठा झोपू देत नव्हता.

बारशाला काय घेऊ, असं मी तिला विचारलं. वाटलं, चांदीचे वाळे म्हणेल.

"दादा, एक दुपार सलग झोपू दे," ती म्हणाली. "दुसरं बिलकुल काही नको."

तिचे सुजलेले डोळे बघून मला कसंतरीच झालं. अशा वेळी शहाणा भाऊ पाळणा नीट हलवतो. मी ॲप बनवायला घेतलं.

फोनच्या पोटात हालचाल ओळखणारा एक सेन्सर असतो. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं, खिशात ठेवून चाललं की पावलं मोजली जातात, ती सगळी त्याचीच करामत. माझा बेत असा, की काच तडकलेला जुना फोन पाळण्यात ठेवायचा. झोका मंदावला की माझ्या खिशातला फोन थरथरणार आणि मी अंगठा हलवणार. बाळ चुळबुळलं तर 'बाळ जागं झालं' असा निरोप येणार. त्यावर हौस म्हणून आणखी एक सोय केली. फोन धाडकन खाली आला, तर घरातल्या सगळ्यांच्या फोनवर माझ्याच आवाजात आरोळी उठणार: बाळ पडलं, बाळ पडलं. ही सोय कुणीही मागितली नव्हती. आमच्या धंद्यात न मागितलेली सोयच सगळ्यात मन लावून केली जाते.

आईनं मात्र त्या फोनला लेकराच्या आसपास फिरकू दिलं नाही. "आधी दुसऱ्या कशावर तरी बघ," म्हणाली. मी घरभर बाळाच्या वजनाची वस्तू शोधली आणि स्वयंपाकघरातून पाट्यावरचा वरवंटा उचलला. त्याला दुपट्यात गुंडाळलं, पोटाशी फोन बांधला आणि लेकरू बहिणीजवळ असताना रिकाम्या पाळण्यात निजवलं.

पहिल्याच दिवशी पाळणा मेल्यासारखा उभा आणि फोन सांगतोय, झोका जोरात चालू आहे. डोकं धरून बसल्यावर उलगडलं. फोन नुसता पडून असला तरी सेन्सरला पृथ्वीची ओढ जाणवतच असते, आणि ती मी वजा केली नव्हती. अख्खी पृथ्वी मी झोक्यात धरली होती. ती वजा केली, तर यंत्र इतकं हळवं झालं की घरासमोरच्या हायवेवरून ट्रक गेला तरी वरवंटा जागा व्हायचा.

वडील येता-जाता विचारायचे, "झोपलं का वरवंटं?"

"झोपलं."

"दूध बराबर पितंय ना?"

आई वेगळ्याच कारणानं वैतागली होती. "तुझ्या ॲपापायी घरात चटणी न्हाई," म्हणायची.

बारशाच्या आदल्या दिवशी मी पडण्याची परीक्षा घेतली. वरवंटा गोधड्यांच्या थप्पीवर टाकून पाहिला. आरोळी अशी खणखणीत आली की माझंच मन भरून आलं. लगेच ॲप वडिलांच्या फोनवर टाकलं. सकाळी बदनापूरहून बहिणीच्या सासरची मंडळी उतरली, तेव्हा चहाच्या आधी दाजींच्या आणि त्यांच्या भावांच्या फोनवरही टाकलं. वरवंट्याचं गाठोडं तसंच माझ्या टेबलावर राहिलं.

आता आमच्याकडे बारशात लेकराच्या आधी वरवंट्याला टोपडं घालतात आणि बाया त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण वरवंटा माझ्या डोक्यात इतका सेन्सरचा झाला होता, की तो बारशाचाही आहे हे सुचलंच नाही. आईला तो टेबलावर दुपट्यात गुंडाळलेला सापडला. तिनं विहीणबाईंना कौतुकानं दाखवला. "बघा, माझ्या लेकानं आधीच सजवून ठेवला."

मी बाहेर मांडवात पुरुषांना पाणी देत होतो. आत हसणं-खिदळणं चालू होतं. तेवढ्यात दाजींच्या खिशातून माझा आवाज आला, बाळ पडलं. मग वडिलांच्या खिशातून. मग दाजींच्या भावांच्या. मी हातात पाण्याचा जग घेऊन उभा आणि चहूबाजूंनी मीच ओरडतोय.

दाजी अनवाणी आत धावले, मागून सगळा मांडव. बायांचा कार्यक्रम असलेल्या खोलीत एवढे पुरुष कधी शिरले नसतील. आत सगळ्या थिजून उभ्या. हातातून निसटलेला वरवंटा गादीवर टोपडं घालून पडलेला आणि माझ्या आवाजात बोंबलतोय. भाची बहिणीच्या मांडीवर गाढ झोपलेली.

"अगं बाई," बाळाची आत्या म्हणाली, "हे तर बोलाया लागलं."

दाजी तिथंच फतकल मारून बसले. बहीण पोट धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्यानं नाव ठेवलं, पेढे वाटले, आणि माझा निकालही तिनंच दिला. "मामानं लेकराच्या बापाचा जीव काढला. मंग आता दुपारभर मामाच झोका देईल. अंगठ्यानं. अन् फोन इकडं आणा."

बहिणीनं लेकराला पोटभर पाजून आत्याच्या हवाली केलं. दोरीची गाठ माझ्या अंगठ्याला स्वतः बांधली. "दादा, आज तरी थांबू नको," म्हणाली, आत गेली आणि कडी लावून घेतली.

दोरी बाजूनं पुढं घेऊन मला पाळण्याकडे पाठ करून बसवलं होतं, गुन्हेगाराला बसवतात तसं. बाया मागं गाणी म्हणत होत्या. मी जिवाच्या कराराने अंगठा चालवला. पायाला मुंग्या आल्या, त्या मुंग्या गेल्या, मग पायच गेला. पण लेकराचा हूं की चूं नाही. मी मनात म्हटलं, बघा, हाडाचा मामा.

उन्हं उतरल्यावर कडी वाजली. बहीण बाहेर आली, गालावर उशीचे वळ, चेहरा असा ताजा की ओळखू येईना.

"कुठंय ती?"

"झोपलीय. दुपारपासून हललीसुद्धा न्हाई."

तिनं पाळण्यावरचं दुपटं उचललं. आत वरवंटा होता, टोपड्यासकट. भाची बाहेर मांडवात, आत्याच्या खांद्यावर.

"कधी काढलं तिला?" मी आत्याला विचारलं.

"घातलंच कधी व्हतं? तू बसला तव्हापासून आमच्या मांड्यांवरच हाय की."

बहीण दारातच हसत खाली बसली. मी वाकून अंगठ्याची गाठ सोडायला लागलो, तर वडील ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "इतक्यात न्हाई. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."