वस्तऱ्याखालची मान

तुरुंगाच्या फाटकाशेजारी कैद्यांनी चालवलेलं सलून आहे. हात हलका म्हणून मी तिथे दाढीला जातो. दाढी करणारा सदाशिव जन्मठेपेचा कैदी. “मेहुण्याला मी मारलं,” हे त्यानेच एकदा सांगितलं होतं. ‘हातून घडलं’ अशी पळवाट त्याने काढली नाही.

काल तिथल्या टीव्हीवर कुठल्याशा खुनाच्या खटल्याचा निकाल दाखवत होते. बाकावर बसलेले एक गृहस्थ उसळले, “असल्यांना फासावरच लटकवा! काय हो, बरोबर ना?”

प्रश्न मला होता. वस्तरा माझ्या गळ्यावर थांबला. घरी जेवताना हेच वाक्य मी किती सहज बोलतो! सदाशिवने मारलेल्या मेहुण्याची बहीण म्हणजे याचीच बायको. तिने कुणासाठी रडायचं? आणि इतका हलका झालेला हा हात, तोही लटकवायचा? मला मान हलवता येईना. वस्तरा आहे म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सदाशिवने वस्तरा उचलला, पुसला आणि बाजूला धरून उभा राहिला.

“बोला साहेब. मग पुढचं करतो.”

आरशातून तो माझ्याकडेच बघत होता. मी मान पुन्हा मागे टेकवली. डोळे मात्र मिटेनात.