नातसुनेला देवीचा नकार

बायांनो, आज जेवण गोड लागलं बघा. नातवाला नैरोबीला साहेबाच्या कचेरीत नोकरी लागलीय. नातसून म्हणे, मीही जाणार. महिनाभर ती इंग्रजी घोकत होती आणि इकडे माझी पेज करपत होती.

मी म्हटलं, देवीच्या अंगाला दोन फुलं चिकटवून कौल लावू. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. नातवाला होकार आला, तिला नकार. खांबाला धरून रडली.

गुरव माझाच भाचा. तिच्या वेळचं उजवं फूल फणसाच्या चिकानं लाव, हे मी त्याला कालच बजावलं होतं.

"आजी, मग मी कधी जाऊ?"

"मी मेल्यावर जा गो. घाई कसली?"

दुपारी तिनं माझे खांदे चेपले. मानेपाशी जोर जरा जास्तच लागला, पण हात ताकदीचा. तुमच्या सुना चेपतात का असं?