चौदा खिळ्यांची फळी

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक बॅग, दशम्यांचा डबा आणि सदतीस थापा होत्या. थापा मोजून घेतल्या होत्या, कारण काम अवघड होतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचे यजमान, आमचे दाजी, भोपाळच्या सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि वसाहतीतलं क्वार्टर सोडायची त्यांची मुदत महिनाअखेर संपत होती. त्यांचा मुलगा श्रीपाद पुण्यात वाकडला राहतो. बाबांनी इकडेच यावं म्हणून त्याने वर्षभर फोन केले. बाबा ‘बघू’ म्हणत राहिले. शेवटी तो माझ्याकडे आला.

“मामा, तुम्ही वाळवंटातल्या माणसाला विहिरीची मोटार विकाल. बाबांना पुणं विका.”

मी आयुष्यभर मोटारीच विकल्या, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ज्याने ती विकत घेतली त्याच्या विहिरीला पुढे पाणी लागलं, असं मी सांगत असतो.

गाडी इटारसीला इतका वेळ थांबली की समोरच्या फलाटावरच्या कुत्रीची आणि माझी ओळख होऊन तिच्या चारही पिलांची नावं ठेवून झाली. हबीबगंजला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते. स्टेशनाबाहेर पोहे आणि जिलबी एकाच पानात मिळाली. वर शेवेचा एवढा डोंगर, की पलीकडचा विकणारा मला दिसेना, नुसता आवाज येत होता. मग पिपलानीच्या कारखाना-वसाहतीसाठी रिक्षा केली.

वसाहत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती एखाद्या संस्थानासारखी वाटली होती. रस्ते असे रुंद की दोन हत्ती गप्पा मारत शेजारी शेजारी गेले असते. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा पूर यायचा. आता रस्ते तेवढेच रुंद होते, पण सबंध रस्त्यावर एक सायकल होती आणि तीही कुंपणाला टेकवलेली. दाजींच्या ओळीत चौदा क्वार्टरं. त्यांतल्या बारांच्या खिडक्या विटा लावून बंद केल्या होत्या. गुलमोहर मात्र वाढतच होते. त्यांना मुदतीचं कुणी कळवलं नसावं.

दाजी फाटकात उभे होते. मला पाहून म्हणाले, “वसंता, गाडी लेट ना? तू पहिले चहा पी, मग थापा सुरू कर.”

घरात खोकी बांधून ठेवलेली. चूल आवरली होती, कारण शेजारच्या सक्सेना भाभी रोज डबा पाठवत होत्या. इथे हा रिवाजच आहे. क्वार्टर सोडणाऱ्याच्या घरात शेवटचे आठ-दहा दिवस स्वयंपाक करू देत नाहीत. एकेकाळी ओळीतली तेरा घरं पाळी लावायची आणि निघणारा माणूस दोन किलो वजन वाढवून गावाला जायचा. आता पाळीत एकच घर उरलं होतं.

सगळं बांधलं होतं, पण बाहेरच्या खोलीच्या भिंतीवरची एक फळी तशीच होती. पॅकिंगच्या खोक्याची फळी, तिच्यात चौदा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली लाल रंगात क्वार्टरचा नंबर. ही अक्काची. ओळीतले सगळे भोंग्याबरोबर कारखान्यात जायचे, मुलं वेगवेगळ्या वेळी शाळेतून यायची आणि अक्का दिवसभर घरी. म्हणून सगळ्यांच्या जादा चाव्या हिच्याकडे. तेरा खिळ्यांवर तेरा चाव्या. चौदावा खिळा तिच्या स्वतःच्या घराचा, तो कायम रिकामा, कारण तिची जादा चावी सक्सेना भाभींकडे असायची.

भाभी डबा घेऊन आल्या तेव्हा त्या फळीकडे बघत म्हणाल्या, “हमारे बच्चे चाबी लेने आते थे और खाना खाकर सो जाते थे. हम शाम को चाबी नहीं, बच्चा उठाकर ले जाते थे.” (मुलं चावी न्यायला यायची आणि जेवून झोपायची. संध्याकाळी आम्ही चावी नाही, मूल उचलून न्यायचो.)

मी फळीवरच्या चाव्या मोजल्या. तेराच्या तेरा जागेवर. “दाजी, लोक तर केव्हाच सोडून गेले. या चाव्या?”

“जाताना देऊन गेले.”

“म्हणजे?”

“अरे, सवय. सामान ट्रकमध्ये चढवलं, कुलूप लावलं, चावी अक्काच्या हातात दिली, निघाले. गावाला जाताना देत तशी. नंतर कारखान्याचा माणूस यायचा ताबा घ्यायला, तेव्हा तिने त्याला कुलूप उघडून द्यायचं. कुलपं गेली. चाव्या राहिल्या.”

दाजींचा अडथळा हा होता. या चाव्या द्यायच्या कुणाला? कुणी बंगळुरूला मुलाकडे, कुणी कानपूरला, दोघं तर पार वरच गेलेले. गावात एकच सापडण्यासारखा होता: मिसरोदला घर बांधलेले मिश्राजी. त्यांची तरी चावी देऊन येऊ, असं ठरलं.

पण त्याआधी मी दुकान मांडलं. जेवता जेवता पुणं विकायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीत दिवाळीला फराळाची इतकी ताटं येतात, की ती ठेवायला मी पुढल्या वर्षी शेजारचा फ्लॅट भाड्याने घेणार आहे. जिन्यात दोन माणसं भेटली की गप्पांत दुपार जाते, म्हणून सोसायटीने जिन्यात खुर्च्या टाकल्या आहेत. मला एकदा शिंक आली तर चार मजल्यांवरून काढा आला.

दाजी पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे लोक सुखी आहेत तिथे?”

“दाजी, दुःख शोधायला बाहेरगावी जावं लागतं.”

“बरं. तुझी चावी कुणाकडे असते?”

मोटारीच्या धंद्यात मला कुणी असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, “भांडणं होतात तिच्यावरून.” आणि वरण मागितलं. त्यांनी वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी मिसरोद. दाजी चाळीस वर्षं या शहरात राहिलेले, तरी बस मी निवडली. परिणामी आम्ही दक्षिणेऐवजी उत्तरेला करोंदच्या धान्यमंडीत उतरलो. गव्हाच्या पोत्यांची अशी थप्पी होती की वरचा हमाल मला ढगात पाय सोडून बसलेला दिसला. दाजी एवढंच म्हणाले, “तुला बोलताना पाहून मला वाटलं, खरंच माहीत असेल.”

मिसरोदला पोहोचायला दुपार झाली. मिश्राजींचं घर दुमजली, फाटकाला नक्षी, अंगणात फरशी, आणि घरात ते एकटे. मला तो रस्ताच विचित्र वाटला. नवी घरं एकाला एक चिकटून उभी, पण सगळ्या फाटकांना आतून कुलपं.

दाजींनी खिशातून रुमालात बांधलेली चावी काढली. “लीजिए मिश्राजी, आपकी अमानत.” (घ्या, तुमची ठेव.)

मिश्राजी उठले. आत गेले आणि कपाटातून एक पितळी कुलूप घेऊन आले. कारखान्याने ताबा घेतल्यावर त्यांनी अक्काकडून फक्त कुलूप मागवून घेतलं होतं, चावी मागायची राहिली होती. चार वर्षं बंद पडलेलं ते कुलूप त्यांनी मांडीवर ठेवलं, चावी घातली, फिरवली. कुलूप उघडलं. आम्ही तिघं त्या उघड्या कुलपाकडे बघत बसलो, जसं काही त्याच्या आत एखादी खोली होती.

मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “पड़ोस अच्छा है?” (शेजार चांगला आहे ना?)

“अच्छा ही होगा,” मिश्राजी म्हणाले. “सामने वाले को गाड़ी के नंबर से पहचानता हूँ.” (चांगलाच असेल. समोरच्याला मी गाडीच्या नंबरावरून ओळखतो.)

मग त्यांनी कुलूप पुन्हा लावलं, चावी काढली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली. “चाबी आप ही रखिए. भाभीजी ने किसी को दी नहीं थी, मैं वापस कैसे लूँ?” (चावी तुम्हीच ठेवा. वहिनींनी कुणाला दिली नव्हती, मी परत कशी घेऊ?)

चहा आला, आम्ही तो प्यायलो, आणि जी चावी द्यायला गेलो होतो ती घेऊन परत निघालो.

संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसलो होतो. पाचचा भोंगा झाला. दाजींनी सवयीने फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावरून दहा-बारा माणसं गेली, बस्स.

“मी नाही येणार वसंता,” दाजी म्हणाले. “मिसरोदला दोन खोल्या बघतो. निदान मिश्राजी तरी ओळखीचे. तिकडे मला कोण?”

माझ्याजवळ अजून एकोणीस थापा शिल्लक होत्या. त्यांतली चांगली निवडून मी तोंड उघडलं, आणि बाहेर भलतंच आलं.

“दाजी, माझी चावी कुणाकडेच नसते.”

ते वळले.

“तीन चाव्या आहेत. एक खिशात, एक बॅगेत, एक बुटात. तिन्ही माझ्याच अंगावर. गेल्या पावसाळ्यात ताप आला होता, उठवेना. तेव्हा सरपटत जाऊन दाराची कडी काढून ठेवली. म्हटलं, उद्या कुणाला आत यायची वेळ आली तर दार फोडायला नको. दोन दिवस दार नुसतं लोटलेलं होतं. कुणी आलं नाही. एक मांजर आलं.”

दाजींनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मांजर खरं?”

“मांजर थाप.”

त्यांनी मान हलवली. “तुझी अक्का म्हणायची, हा फोनवर जितका मोठ्याने हसतो, तितक्या लवकर याला बोलावून घ्यायला पाहिजे. मी म्हणायचो, येईल सवडीने.” मग उठून आत गेले. थोड्या वेळाने हातोडीचा आवाज आला. ते भिंतीवरून फळी काढत होते. “तिन्हीतली एक चावी इकडे दे,” आतून म्हणाले. “चौदावा खिळा रिकामा आहे.”

बुटातली काढून दिली. ती त्यांनी धुऊन घेतली.

निघायच्या सकाळी सक्सेना भाभी दाजींच्या घराची जादा चावी परत द्यायला आल्या. दाजींनी त्यांची चावी फळीवरून काढून त्यांना दिली. मग क्वार्टरला कुलूप लावलं. एक चावी ताबा घ्यायला तासाभरात येणाऱ्या माणसासाठी फाटकापाशी ठेवली आणि दुसरी, जी लवकरच कशाचीच उरणार नव्हती, भाभींच्या हातात दिली. आपण काय केलं ते दाजींच्या लक्षातही आलं नाही. भाभींच्या आलं. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, “आराम से जाइए भाईसाहब, घर मैं देख लूँगी.” (निवांत जा, घराकडे मी बघेन.)

परतीच्या गाडीत दाजींनी फळी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, वाद्य आहे का? मी म्हणालो, संस्थानाच्या किल्ल्याच्या चाव्या आहेत. दाजींनी त्याला दुजोरा दिला.

वाकडच्या फ्लॅटच्या दाराला चावीच नाही, चार आकडे दाबले की ते उघडतं. सून-मुलगा प्रेमळ आहेत, पण ते सकाळी जातात आणि दिवेलागणीनंतर येतात. दाजींनी आपल्या खोलीत फळी लावली आहे. बारा चाव्या अशा घरांच्या, जी आता त्या चाव्यांनी उघडत नाहीत, आणि तेरावी माझी. मजल्यावरच्या तिन्ही शेजाऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलं, चावी ठेवायची असेल तर माझ्याकडे ठेवा. तिघांनी हसून आभार मानले. भाभींचा खिळा अजून रिकामा आहे.

मोठ्या शहरातले लोक सुखी असतात का, हे मला कुणी विचारलं तर मी अजूनही फराळाच्या ताटांची गोष्ट सांगतो. हल्ली ताटं वाढवून सांगतो.

पण दर गुरुवारी चार वाजता मी माझ्या हडपसरच्या दाराबाहेर जिन्यात बसतो आणि दाजींना फोन करतो, “चावी घरातच राहिली, दार लागलं.” दोन बस बदलून, दीड तासाने दाजी येतात. रुमालातून चावी काढतात, दार उघडतात, आत येऊन चहा टाकतात. दर गुरुवारी एकाच वेळी माणूस चावी कशी विसरतो, हे त्यांनी मला आजवर विचारलेलं नाही. माझ्या शर्टाचा खिसा चावीच्या वजनाने खाली ओढलेला असतो. चहाचा कप देताना ते त्या खिशाकडे बघत नाहीत.