दोन ओळींचा तक्ता

नाशिक रोडला कॉलनीत राहणारा निवृत्ती आरोग्य खात्याच्या कचेरीत आकडे जुळवणारा कारकून होता. नाकासमोर चालणारा, भिडस्त माणूस. पण त्याच्या तक्त्यात चूक काढायची कुणाची छाती नव्हती. तीच घमेंड त्याला नडली, बघा.

शहात्तर साली तीन दवाखान्यांचे कागद त्याच्या टेबलावर आले. अर्धांगवायूच्या निम्म्या रोग्यांना एक नवं इंजेक्शन दिलेलं, निम्म्यांना नेहमीचं औषध. पुढं कुणाचं काय झालं ते दोन दवाखान्यांनी पायरीपायरीनं लिहिलं होतं: आपला आपण चालतो, काठीनं चालतो, खाटेला खिळला, मेला. तिसऱ्यानं मात्र दोनच ओळी ठेवल्या, जिवंत आणि मयत. आता यांची मोट बांधायची कशी? मोठे डॉक्टर डोकं धरून बसले, तेव्हा निवृत्तीनंच तोड काढली, की सगळ्यांच्याच दोन ओळी करू. झालं! तक्ता सुटसुटीत झाला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. इंजेक्शनवाल्यांत जिवंत जास्त निघाले आणि ते सरसकट सुरू झालं.

तीन वर्षांनी त्याच्या बायकोला, चंद्रभागेला, न्हाणीतच अर्धांगवायूचा झटका आला. इंजेक्शन देऊ का म्हणून दवाखान्यात त्याला विचारलं. द्या, त्याचा तक्ता माझ्याच हातचा आहे, असं त्यानं छातीठोक सांगितलं. ती वाचली. पण डावं अंग गेलं ते गेलंच. कूससुद्धा निवृत्तीनंच बदलून द्यायची, अशी चार वर्षं गेली.

त्र्याऐंशीत खात्यानं त्याला पुण्याला शिकायला धाडलं. तिथं कळलं, की पायऱ्या मोडायची गरजच नव्हती. शिडी एकेका पायरीवर कापून वर किती, खाली किती ते बघायचं, दोन ओळींचा दवाखाना जिवंत-मयत या एका कापापुरता धरायचा, आणि मग तिन्हींची सांगड घालायची. परत आल्यावर एका रविवारी त्यानं जुने कागद काढून पुन्हा सगळं मांडलं. मेलेले कमी झाले होते, हे खरं. पण चालणारा एकही वाढला नव्हता. जे मेले असते, ते सगळे खाटेवर येऊन पडले होते, आणि यानं त्यांना चालणाऱ्यांच्याच ओळीत बसवलं होतं. निवृत्ती ढसाढसा रडला.

काय झालं, म्हणून चंद्रभागेनं खाटेवरून विचारलं. तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमेना. त्यानं कागद तिच्यापुढं धरला, चारही पायऱ्या वाचून दाखवल्या. तू या तिसरीत, म्हणाला, तुझ्याखाली फक्त मेलेले.

तिनं उजव्या हातानं कागद जवळ ओढला.

“क्रम चुकलाय तुमचा,” ती म्हणाली. “खालच्या दोन ओळींची अदलाबदल करा.”

भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, इतक्या साध्या आवाजात ती बोलली. निवृत्तीला तिच्याकडं बघवेना.